सागवानी कॉम्प्युटर

माझ्या मामांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आमटीत मीठ कमी असलं तरी ते बोलत नाहीत. मामी पहिला घास घेऊन स्वतःच्या कपाळावर हात मारेपर्यंत गप्प जेवत राहतात. त्यामुळे मागच्या आषाढात त्यांनी फोन करून "एक कॉम्प्युटर जुळवून दे की" असं म्हटलं, तेव्हा मला आधी खरंच वाटेना.

"कुणाला?" मी विचारलं.

"मला."

"तुम्हाला? कशाला?"

"तू ये तर. फोनवर काय सांगत बसू?"

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. बंद पडलेले कॉम्प्युटर उघडायचे, एकाचं काळीज काढून दुसऱ्याला बसवायचं, हे माझं रोजचं. नातेवाइकांत कुणाचाही प्रिंटर अडला की माझा फोन वाजतो आणि मी वैतागते. ह्या वेळी मात्र वैतागायला सुचलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर रंधा मारलेल्या माणसाला कॉम्प्युटर कशाला हवा असेल, ह्या एकाच प्रश्नानं मला त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात नेऊन उभं केलं.

मामा पॅटर्नमेकर. उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या वस्तीत, हा शब्द कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेर सांगावा लागतो. फाउंड्रीत लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी त्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून बसवायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. पंप, इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक, कशाकशाचे पॅटर्न मामांनी केलेत. नोकरी संपल्यावरही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालूच होतं.

त्यांच्या डोळ्यांचं आम्हाला ठाऊक होतं. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चष्मा बदलून उपयोग नव्हता, ऑपरेशनही नव्हतं. "हाय ती नजर सांभाळायची, एवढंच," असं मामांनी घरी येऊन सांगितलं, आणि आम्ही सगळे तेवढंच धरून बसलो होतो. रस्त्यानं ते एकटे हिंडायचे, लांबून माणूस ओळखायचे. अडायचं ते बारीक अक्षरापाशी.

आणि आता बारीक अक्षरच त्यांच्या पोटावर आलं होतं. पूर्वी ड्रॉइंग कागदावर यायचं, चांगलं चादरीएवढं. आता कारखान्याचे मालक ते फोनवर पाठवायचे. फोनवर बोटांनी मोठं करायला जावं तर आकडा एकीकडे पळायचा आणि त्याची रेघ दुसरीकडे. झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून आणला तर त्यावर मुंग्यांची रांग. मोठा कागद काढून आणावा तर दुसऱ्या दिवशी मालकांचा निरोप, थोडा बदल आहे, नवं ड्रॉइंग पाठवलंय. मामांनी दोन कामं परत पाठवली होती. कंबर धरलीय म्हणून सांगितलं होतं. डोळ्याचं मालकांना कळू दिलं नव्हतं.

"आता पंपाच्या केसिंगचं, म्हंजे भाइरच्या कवचाचं, काम हाय," मामा म्हणाले. "मालक म्हणाले, जमत नसंल तर सांगा, मशिनवर टाकतो. दसऱ्यापातूर सांगतो म्हटलंय."

"आणि नाही जमलं तर?"

"मग संपलं की."

ते अगदी साधेपणानं म्हणाले. मामी मात्र आतून गरजल्या, "संपलं म्हणजे? मग दिवसभर माझ्या मागं मागं फिरणार हे माणूस! काल स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं घासून बसवत हुते. मला खुळं करून सोडतील."

म्हणजे हा कॉम्प्युटर म्हातारपणीची हौस नव्हती. तो दसऱ्याच्या आत चालला आणि त्यावर मामांना ड्रॉइंग वाचता आलं, तर ते पॅटर्नमेकर राहणार होते. नाही तर डब्यांची झाकणं.

स्वस्तात करायचं होतं, आणि स्वस्तात करणं हा माझा आवडता खेळ आहे. ओळखीच्या दुकानातून जुना मदरबोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर आणला, रॅमही जुनीच. माहिती साठवणारी एसएसडी तेवढी नवी घेतली, आणि वीजपुरवठ्याचा डबाही नवा. बाकी सगळं जुनं चालतं, पण वीज देणारा भाग जुना घेऊ नये. तो मरताना एकटा मरत नाही.

हे सगळं मी मामांच्या टेबलावर पसरलं, तेव्हा ते हात मागे बांधून लग्नातला रुखवत बघावा तसे बघत उभे राहिले. मग प्रश्न सुरू झाले. हे सोनेरी टोक खरंच सोनं का? ह्याला उलटं बसवलं तर काय होईल? उलटं बसूच नये म्हणून काय केलंय? प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा चिमुकला त्रिकोण मी दाखवला. त्यांना तो दिसला नाही. मग त्यांनी बोटाचं टोक फिरवून कोपऱ्यातली खाच शोधली आणि खूश झाले. मी प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावली, तर म्हणाले, "चुना का लावालीस त्याला?"

"उष्णता वर पंख्याला जायला. मध्ये हवेची फट राहू नये म्हणून."

"मग एवढा कशाला? पानाला लावतात तेवढाच लाव की."

बरोबर होतं त्यांचं. मी पुसून परत लावला.

पंखा फिरायला लागला तेव्हा त्यांना हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते बघायचं होतं. सांगून पटेना. देवघरातली पेटती उदबत्ती आणून त्यांनी पंख्यापुढे धरली. धूर झुकला, ओढला गेला आणि मागून बाहेर आला. "आमच्या साच्यात पण असंच," ते म्हणाले. "वाफंला वाट काढून न्हाय ठेवली, तर काम फुटतंय." मामींनी आतून विचारलं, कॉम्प्युटरची आरती संपली असेल तर जेवायला वाढू का.

जुळणी चालते का बघायला मी घरचा एक बऱ्यापैकी स्क्रीन नेला होता. बोर्ड नुसताच पुठ्ठ्यावर ठेवून, तारा लोंबत असतानाच चालू केला. फोनमधलं केसिंगचं ड्रॉइंग त्यावर उघडलं आणि थोडं मोठं केलं. मामा खुर्ची ओढून बसले, मान जराशी वाकडी केली, कारण हल्ली त्यांना समोरचं कडेनं बघावं लागतं, आणि सावकाश एकेक आकडा वाचायला लागले. सगळे बरोबर. मामी दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या, त्यांचे हात पुसून झाले तरी त्या पुसतच राहिल्या.

"झालं की मामा. दिसतंय ना?"

"दिसतंय. ह्याच्यापेक्षा मोठा न्हाय का?"

"अहो, ह्याच्यावर स्वच्छ दिसतंय की. मोठा घेतला तर उगाच जागा अडेल."

"जागा करतो मी. मोठाच बघ."

"कुस्त्या बघायच्या असणार," मामी म्हणाल्या. "कॉम्प्युटरच्या नावावर मैदान घरात आणाय लागलेत."

मलाही तसंच वाटलं. वाद घालून बघितला, पण मीठ न मागणारा माणूस एका गोष्टीवर अडून बसला की त्याच्यापुढे काय करणार? एक ऑफिस बंद होत होतं, तिथला मीटिंगच्या खोलीतला भलामोठा स्क्रीन स्वस्तात मिळाला. तो रिक्षातून आणताना मी मामांना मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं.

राहिलं कॅबिनेट, म्हणजे हे सगळं आत बसवायची पेटी. मी साधंसं पत्र्याचं नेलं होतं. मामांनी त्यावर अंगठा दाबला, पत्रा आत गेला, सोडल्यावर टक् करून बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी पाहुण्यांपुढे कागदी ताटली ठेवली. "हे परत दे," ते म्हणाले. "मी करतो."

शेडमध्ये सागवानाचे तुकडे होतेच. फक्त मापं पाहिजे होती. बोर्ड घट्ट बसवायला त्याच्या भोकांखाली पितळी खुंट्या लागतात, आणि त्या भोकांची अंतरं ठरलेली असतात. ती मी फोनवरून मिलिमीटरमध्ये सांगितली. मामींनी पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरात उतरून घेतली, आणि पुढचे काही आठवडे फोन केला की मागून करवतीचा आवाज यायचा.

नवरात्रात मामांनी बोलावलं. पेटी बघून मी खुळी झाले. कोपरे गोल, हवेसाठी कापलेल्या खाचा एकसारख्या, वरचं झाकण गुळगुळीत. आत पितळी खुंट्या चमकत होत्या. मी बोर्ड अलगद आत ठेवला. कोपऱ्यातला पहिला स्क्रू बसला. पुढचा बसेना. खुंटी भोकाच्या किंचित पलीकडे होती. समोरच्या टोकाची खुंटी तर भोकातून निम्मीही दिसत नव्हती.

मी बोर्ड फिरवून बघितला. दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली. तेच.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचं नव्हतं. "जरासं सरकलंय," मी म्हटलं.

मामांनी हात आत घातला. बोटानं खुंटी चाचपली, भोक चाचपलं, परत खुंटी. मग हात काढून ते स्टुलावर बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. आत पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला.

"पॅटर्नमध्ये एवढं चुकलो असतो तर अख्खा घाण भंगारात," मामा म्हणाले. लोखंडाच्या एका ओतीला ते घाण म्हणतात. "मालकांना सांगून टाकतो. लोकाचं नुकसान कशाला?"

मला त्या पेटीचा राग आला, बोर्डाचा आला, चादरीएवढे कागद बंद करणाऱ्या जगाचा आला. रडू येईल ह्या भीतीनं मी खाली बघत राहिले, आणि खाली बघता बघता मला एक गोष्ट खटकली. नजरेची चूक असती तर ती कुठंही, कशीही पडली असती. एक खुंटी डावीकडे, एक उजवीकडे. इथं तसं नव्हतं. पहिली बरोबर, मधली थोडी पुढे, शेवटची आणखी पुढे. आडवं बघितलं तरी तेच, उभं बघितलं तरी तेच. एवढी शिस्तीची चूक मी कधी पाहिली नव्हती.

"मामा, मापं कशानं घेतली?"

"पट्टीनं. आणि कशानं घेणार?"

"बघू."

त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून दिली. वापरून वापरून तिच्या कडा चांदीसारख्या झालेल्या. मी माझ्या पर्समधला टेप तिच्याशेजारी धरला. शून्यापाशी दोघं जोडीनं निघाले, दहापाशी किंचित फुटले, आणि माझ्या टेपवर तीस सेंटिमीटर पुरे झाले तेव्हा मामांच्या पट्टीवर तीसची रेघ अजून पुढेच होती.

"मामा, तुमच्या सेंटिमीटरला सूज आलीय."

त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "आयला! श्रिंकेजची पट्टी हाय गं ही!"

वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरची प्रत्येक रेघ मुळातच तेवढी लांब. ड्रॉइंगवर शंभर असेल तर त्या पट्टीनं शंभर मोजायचे. लाकूड एकशे एक होतं, आणि लोखंड गार होऊन शंभरावर येतं. मामांनी ह्या पट्टीनं लोखंडासाठी मोजावं तसं माझ्या बोर्डासाठी मोजलं होतं. बोर्ड काही गार होऊन आकसणार नव्हता.

"पण साधी पट्टी का नाही घेतली?"

"घरात दुसरी पट्टी हायच कुठं?" मामा म्हणाले.

हे ऐकून मामी लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "म्हणजे घरातलं सगळंच ह्या पट्टीनं केलंय?"

मामांनी पट्टी माझ्या हातून घेऊन खिशात घातली.

"तरीच!" मामी कडाडल्या. "तरीच त्या पलंगावर गादी पुरत न्हाय! पिंजाऱ्यावर मी उगाच खेकसले हो, कापूस चोरला म्हणून."

आणि माझं लहानपण मला एकदम उलगडलं. सुट्टीत आम्ही भावंडं मामांकडे यायचो तेव्हा त्या पलंगाच्या पायथ्याला गादी संपून बोटभर फट राहायची. आमचे पत्ते, गोट्या, एकदा तर माझं पैंजण त्या फटीतून खाली गेलं होतं. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरींच्या काचा, बाहेरून ट्रक गेला की, खडखडायच्या. आजोबांच्या तसबिरीची काच खडखडली की आजोबा रागावले असं आम्ही समजायचो. मामांनी चौकट मोजायची, काचवाल्याला आकडा सांगायचा, आणि काचवाल्यानं जगाच्या पट्टीनं काच कापायची. लहानपणी मी कितीदा विचारलं होतं, मामा, तुमच्याकडे सगळं का हलतं? ते म्हणायचे, लाकूड वाळतंय गं. त्यांनाही ते तसंच वाटत होतं.

आम्ही तिघंही बराच वेळ हसत होतो. मामींनी तर पलंग नवीन करून मागितला. मला हसताना सगळ्यांत जास्त आनंद ह्याचा होता की डोळे चुकले नव्हते, सवय चुकली होती.

मामांनी खुंट्या काढल्या, जुनी भोकं सागवानी मेखा ठोकून बुजवली आणि माझ्या टेपनं नवी घेतली. टेपवरचे आकडे मी वाचले, खूण त्यांनी केली. बुजवलेल्या भोकांचे गोल ठिपके नव्या खुंट्यांच्या शेजारी अजून दिसतात. ते रंगवून झाका म्हटलं तर म्हणाले, राहू दे.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. रंधे, पटाश्या, करवती धुऊन पुसून पाटावर मांडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी सागवानी कॉम्प्युटर. मामींनी त्याला हळदकुंकू लावलं, वरच्या खाचेत झेंडूचं फूल खोचलं. पंख्यात पाकळ्या जातील म्हणून मी ओरडले, तर त्या म्हणाल्या, एक दिवस त्याला पण सण करू दे की. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला मी गेले तेव्हा मामा फोनवर होते. "व्हय व्हय, कंबर बरी हाय आता," ते मालकांना सांगत होते. "धाडा काम."

केसिंगचा पॅटर्न दिवाळीनंतर गेला. त्यातून ओतलेला पहिला नग मापात उतरला असा निरोप आला, तेव्हा मामींनी मला फोन करून तो दोनदा सांगितला. पुढे आणखी कामं आली. मी अधूनमधून जात राहिले, कधी काही अपडेट करायला, कधी नुसतीच. शेडच्या भिंतीवर तो भलामोठा स्क्रीन लावलेला असायचा. त्यावर मामांनी कुस्ती एकदाही बघितली नाही. ती ते घरातल्या जुन्या टीव्हीवरच बघायचे, टीव्हीला नाक लावून. हे मला दिसत होतं, पण मी त्याचा विचार केला नाही.

दिवाळीत त्या स्क्रीनवर अख्खं ड्रॉइंग मावलेलं असायचं. संक्रांतीला गेले तेव्हा अर्धंच दिसत होतं, बाकीचं त्यांना सरकवून बघावं लागत होतं. शिमग्याला एक कोपरा.

परवा गेले, तर स्क्रीनवर फक्त एक आकडा होता. शहाऐंशी. आठ आणि सहा, प्रत्येक मामींच्या तव्याएवढा, आणि खाली मापाच्या रेघेचा तुकडा. मामा त्याच्यापुढे उभे होते, मान वाकडी करून. ते वळले, पट्टीवर नखानं रेघा चाचपत शहाऐंशीवर आले, लाकडावर खूण केली, मग माऊसनं ड्रॉइंग सरकवून पुढचा आकडा शोधायला लागले.

"मामा," मी म्हटलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

ते थांबले नाहीत. "म्हणाले, कमी कमी हुत जाणार. किती, ते सांगता येत न्हाय."

"हे तुम्ही आम्हाला नाही सांगितलंत."

"सांगून काय झालं असतं? तुझी मामी रडत बसली असती." त्यांना आकडा सापडला होता. "म्हणून तर तुला मोठा आण म्हटलं. पुढं आकसणार हे ठाऊक असताना माणूस आजच्या मापाचं करतंय व्हय?"

मी ज्याच्यासाठी भांडले होते तो घरचा छोटा स्क्रीन मला आठवला. त्याच्यावर हा आकडा कडेला टेकला असता, कदाचित बाहेरही गेला असता. हाही पुरेना झाला की पुढे काय, हे मला विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. पण मामांना ते कळलं असावं. ते स्क्रीनजवळ गेले आणि आकड्याच्या डाव्या बाजूला मोकळ्या पांढऱ्या पट्ट्यावर त्यांनी पंजा ठेवला, मग उजव्या बाजूला ठेवला.

"बघ," ते म्हणाले, "अजून जागा हाय की."